व्यवसायोपचार आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, तिच्यात एक कठोर निर्णय दडलेला आहे याची जाणीवही उच्चारणाऱ्याला होत नाही. वय वाढले की बुद्धी जायचीच, हे तिचे पहिले गृहीत. आणि गेलेल्या बुद्धीवर इलाज नाही, हे दुसरे. या दोन गृहीतांतून एक तिसरी गोष्ट आपोआप निष्पन्न होते. ज्याला आठवत नाही त्याच्या हाती काम कशाला द्यायचे? त्याने स्वस्थ बसावे, दिलेले खावे, नेसवलेले नेसावे. प्रेमापोटी असो वा कंटाळ्यापोटी असो, कित्येक घरांतील वृद्धांच्या हातातून प्रथम पळी सुटते, मग किल्ल्या जातात, आणि शेवटी स्वतःच्या अंगरख्याच्या गुंड्या लावण्याचा अधिकारही जातो. स्मृतिभ्रंशाने जे नेलेले नसते, ते असे आपल्याच माणसांच्या हातून नेले जाते. या तिसऱ्या गोष्टीविरुद्ध जो विचार उभा राहिला, त्याचे नाव व्यवसायोपचार. तो विचार जुना आहे. परंतु स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यास त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. एवढा विलंब का झाला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. संस्कृतात या शब्दाला निश्चयपूर्वक उद्योग असा व्यापक अर्थ आहे, आणि तोच येथे अभिप्रेत आहे. सकाळी दात घासण्यापासून रात्री अंथरूण घालण्यापर्यंत ज्या ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरतो आणि ज्यांच्या योगे तो स्वतःला ओळखतो, त्या सर्व कृती या अर्थाने व्यवसायच होत. हे व्यवसाय हेच औषध आणि हेच साध्य मानणारी विद्या ती व्यवसायोपचाराची विद्या.

या विद्येचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. इंग्लंडमधील यॉर्क शहरी १७९० मध्ये तेथील वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची एक क्वेकर पंथाची विधवा मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले गेले नव्हते. या घटनेने व्यथित झालेल्या विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाची संस्था उघडली गेली. तेथे रुग्णांना पाहुण्याप्रमाणे वागवण्याचा प्रयत्न होई. स्त्रिया शिवणकाम व घरकाम करीत, पुरुष बागेत आणि शेतात राबत. ट्यूक यांचा नातू सॅम्युएल याने १८१३ मध्ये या संस्थेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाला स्वतःवर ताबा मिळवून देणाऱ्या साधनांत नियमित कामाइतके परिणामकारक साधन क्वचितच असेल, असा निष्कर्ष त्याने त्यात मांडला.

याच सुमारास फ्रान्समध्ये फिलिप पिनेल हा वैद्य त्याच वाटेने चालला होता. १७९३ मध्ये तो पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात आला आणि १७९५ मध्ये साल्पेत्रिएर येथे गेला. रुग्णांच्या बेड्या तोडण्याचे श्रेय लोककथेने पिनेलला दिले असले, तरी बिसेत्रमध्ये १७९७ साली ते काम प्रत्यक्षात केले प्युसँ या तेथील व्यवस्थापकाने. पिनेलने स्पेनमधील सारागोसा येथील इस्पितळाचे उदाहरण गौरवाने सांगितले आहे. तेथील रुग्ण शेतीची कामे करीत आणि त्यांपैकी पुष्कळ जण बरे होत. परंतु याच पिनेलने मनोविकारांचे जे वर्ग पाडले, त्यांत बुद्धिलोपाचा एक स्वतंत्र वर्ग होता. उन्मादी किंवा खिन्न माणूस कामाने सावरेल अशी आशा होती. बुद्धिलोप झालेल्याविषयी तशी आशा कोणी बाळगली नाही. ज्या क्षणी कर्मोपचाराची कल्पना जन्मास आली, त्याच क्षणी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तिच्या कक्षेबाहेर राहिला.

एकोणिसाव्या शतकात ही कल्पना मोठ्या इस्पितळांत पसरली. लंडनजवळच्या हॅनवेल येथे १८३१ पासून विल्यम एलिस आणि त्याची पत्नी मिल्ड्रेड यांनी रुग्णांना बागकाम, भटारखाना आणि कारखाना यांत गुंतवले. पण इस्पितळे जसजशी फुगत गेली तसतसा मूळ हेतू मागे पडला. हजार-हजार रुग्णांच्या वस्तीत काम हे उपचार न राहता खर्च वाचवण्याचे साधन झाले. कपडे धुणे, कोळसा वाहणे, फरशी पुसणे ही कामे संस्थेला हवी होती. ती कोणत्या रुग्णाला हवी आहेत, हे विचारण्यास कोणाला सवड नव्हती. अशा व्यवस्थेत ज्याच्याकडून उपयुक्त काम होत नाही असा वृद्ध, विसराळू रुग्ण अर्थातच भिंतीकडेच्या बाकावर बसून राही.

अशाच एका संस्थेत, जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचे कागदपत्र १९९५ मध्ये पुन्हा सापडले, त्यामुळे तिची हकीकत आज तपशिलाने ज्ञात आहे. तिच्या आजाराची चिन्हे स्वयंपाकघरातही दिसली होती: नित्याचे पदार्थ बिघडू लागले होते आणि ती घरात अस्वस्थपणे येरझारा घालीत असे. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी तिला स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले, तेव्हा तिला ते पुरे करता आले नाही. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे शब्द ती पुनःपुन्हा बोले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्युबिंगेन येथील सभेत आल्झायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल मांडले, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला आल्झायमर यांचे नाव दिले. मात्र हा विकार अकाली, म्हणजे वार्धक्यापूर्वी येणारा दुर्मीळ रोग मानला गेला. सत्तरीच्या माणसाचा स्मृतिभ्रंश हा वयाचा धर्म, ही समजूत तशीच राहिली. म्हणीतील पहिले गृहीत वैद्यकानेही अशा रीतीने आणखी अर्धशतक जपले.

इकडे अमेरिकेत कर्मोपचाराचा विचार नव्या नावाने पुनर्जन्म घेत होता. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा वास्तुशिल्पी क्षयाने पोखरला होता; त्याच्या पायाचा भाग कापावा लागला होता आणि डावे अंग लुळे पडले होते. बाग आणि सुतारकाम यांच्या साहाय्याने त्याने स्वतःला उभे केले आणि न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे ‘कन्सोलेशन हाऊस’ ही संस्था काढली. तेथेच मार्च १९१७ मध्ये सहा जणांनी एकत्र येऊन व्यवसायोपचाराच्या प्रसारार्थ राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. बार्टन, मनोवैद्य विल्यम रश डन्टन, समाजसेविका एलिनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकलेच्या शिक्षिका सुसान कॉक्स जॉन्सन, वास्तुशिल्पी टॉमस किडनर आणि बार्टन यांची सचिव इझाबेल न्यूटन हे ते सहा जण. वैद्य, शिल्पी, शिक्षिका आणि स्वतः रुग्ण असलेला माणूस अशा मिश्र मंडळीकडून या विद्येचा पाया घातला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या विद्येला तत्त्वज्ञान दिले बाल्टिमोरचे मनोवैद्य आडोल्फ मायर यांनी. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे सूत्र असे की, काम, खेळ, विश्रांती आणि निद्रा या चार लयींच्या तोलावर माणसाचे आरोग्य उभे असते, आणि हा तोल उपदेशाने नव्हे तर प्रत्यक्ष आचरणानेच साधतो. स्लॅगल यांनी त्याच सुमारास ‘सवयींचे शिक्षण’ ही पद्धत रूढ केली. दीर्घकाळ इस्पितळात पडून राहिलेल्या मनोरुग्णांचा संपूर्ण दिवस त्या आखून देत: उठणे, स्नान, न्याहारी, हातकाम, फिरणे, खेळ. कोलमडलेल्या मनाला सवयीचा टेकू देता येतो, हा त्यामागील विश्वास होता. पुढे स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात जे सिद्ध व्हावयाचे होते, त्याचे बीज येथे होते. पण ते अजून त्या जमिनीत पडले नव्हते.

याचे कारण युद्ध. १९१८ मध्ये जखमी सैनिकांच्या सेवेसाठी शेकडो स्त्रियांना घाईने या कामाचे शिक्षण देण्यात आले. सैनिकाला पुन्हा कामावर पाठवणे हे ध्येय ठरले, आणि यशाचे माप तेच झाले: किती जण कामावर परतले? दुसऱ्या महायुद्धाने हे माप आणखी पक्के केले. ज्या रुग्णाचा आजार दिवसेंदिवस वाढणारच आहे, जो कोणत्याही कचेरीत किंवा कारखान्यात परतणार नाही, तो या मापात बसेना. अठराव्या शतकात आशेच्या अभावी तो वगळला गेला होता. विसाव्या शतकात उपयुक्ततेच्या हिशेबाने वगळला गेला.

भारतात ही विद्या आली ती या टप्प्यावर, आणि तिचा प्रवेश मुंबईतून झाला. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहाने निंबकर घराण्यात आल्या आणि कमला निंबकर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. ज्या पंथाने यॉर्कची संस्था उभारली, त्याच पंथातील ही स्त्री. अमेरिकेत जाऊन त्यांनी या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जन्मास आलेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्यांत भारत होता. १९५८ मध्ये नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले. पोलिओने लुळी झालेली मुले, अपघाताने हात गमावलेले कामगार, अर्धांगवायूचे रोगी यांच्यासाठी या विद्येची निकड स्पष्ट होती. वृद्धांचा स्मृतिभ्रंश मात्र अजून घराच्या माजघरातच होता. तो रुग्णालयाच्या दारापर्यंत आलाच नव्हता.

परिस्थिती पालटली ती १९६० नंतरच्या दशकात, आणि चार दिशांनी. पहिली दिशा मापनाची. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नान, वस्त्र नेसणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा आणि अन्न तोंडात घालणे या सहा गोष्टींची मोजपट्टी तयार केली. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी तिला स्वयंपाक, खरेदी, पैशांचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे यांसारख्या आठ अधिक गुंतागुंतीच्या गोष्टींची जोड दिली. ‘म्हातारी भ्रमली’ या ढोबळ वाक्याच्या जागी आता ‘पैसे मोजता येत नाहीत, पण भाजी चिरता येते’ असे नेमके वाक्य बोलणे शक्य झाले. दुसरी दिशा रोगनिदानाची. न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी १९६८ मध्ये वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. आल्झायमर यांनी पाहिलेले बदल वृद्ध रुग्णांतही आढळतात आणि स्मृतिभ्रंशाच्या तीव्रतेशी त्यांचा संबंध आहे, हे त्यावरून दिसून आले. म्हणजे हा वयाचा धर्म नव्हे, हा रोग आहे.

तिसरी दिशा मेंदूच्या कार्याची. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर कोणतीही नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्यास दिली. दिवसागणिक त्याचा हात सफाईदार होत गेला. परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला प्रत्येक वेळी नवेच वाटे. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने स्मृती एक नसून अनेक आहेत, हे दाखवून दिले. घटनांची स्मृती वेगळी, हाताच्या सवयीची स्मृती वेगळी. त्यांची स्थाने मेंदूत निरनिराळी. आल्झायमरच्या विकारात पहिली लवकर खचते, दुसरी तुलनेने बराच काळ टिकते. म्हणूनच सकाळी काय खाल्ले हे न सांगता येणारी आजी वाती मात्र एकसारख्या वळते. स्लॅगल यांनी सवयीवर जो विश्वास टाकला होता, त्याला अशा रीतीने शास्त्राचा आधार मिळाला.

चौथी दिशा दृष्टिकोनाची. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स फॉल्सम यांनी ‘वास्तवाचे भान’ देणारी पद्धत सुरू केली: फळ्यावर वार, तारीख, ऋतू लिहायचा आणि रुग्णाला त्याची सतत आठवण द्यायची. हेतू चांगला होता. परंतु पुढे तिचे परीक्षेत रूपांतर होई, आणि रोज नापास होणाऱ्याला त्याचे नापास होणेच तेवढे उमगे. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर यांनी वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे वार्धक्याचे दोषलक्षण नसून आयुष्याचा ताळेबंद मांडण्याची स्वाभाविक क्रिया आहे, असे प्रतिपादन केले. याच धाग्याचे टोक १९९७ मध्ये इंग्लंडच्या टॉम किटवुड यांच्या ग्रंथात गाठले गेले. स्मृतिभ्रंश झालेला माणूस प्रथम माणूस आहे, हे त्यांचे प्रतिपादन. अशा माणसाच्या ज्या मूलभूत गरजा त्यांनी सांगितल्या, त्यांत सांत्वन, जिव्हाळा, सामावून घेतले जाणे आणि स्वतःची ओळख यांच्या बरोबरीने ‘व्यवसाय’ ही गरजही गणली आहे. येथे दोनशे वर्षांचे वर्तुळ पुरे झाले. काम हे बरे होण्याचे साधन म्हणून नव्हे, तर अन्नपाण्याप्रमाणे गरज म्हणून मान्य झाले. आणि गरज ही बऱ्या होणाऱ्याची तेवढीच न बऱ्या होणाऱ्याचीही असते.

या मान्यतेतून व्यवसायोपचारकाची जी कार्यपद्धती आकारास आली, ती वरवर पाहता साधी आहे. तो प्रथम रुग्णाचे पूर्वायुष्य जाणून घेतो. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या कारकुनाला कागद-पेन्सिल द्यावी, शेतकऱ्याला कुंडीतली माती द्यावी. लहान मुलांची खेळणी दोघांनाही देऊ नयेत, कारण त्यांत अवमान आहे. मग तो घरी येऊन प्रत्यक्ष कृती पाहतो. चहा करण्याची एक कृती म्हणजे दहा-बारा पायऱ्यांची साखळी असते. रुग्ण तिच्यातील नेमक्या कोणत्या कडीपाशी अडतो, ते शोधायचे आणि तेवढाच आधार द्यायचा. कपडे ज्या क्रमाने घालायचे त्याच क्रमाने मांडून ठेवले, की पुष्कळदा माणूस ते स्वतः घालतो. फडताळातील पसारा कमी करणे, न्हाणीघराच्या दारावर ओळखीचे चित्र लावणे, पांढऱ्या ताटात पांढरा भात न वाढणे, शेगडीपाशी सोबत राहणे अशा लहान बदलांनी परिसर रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरच्या माणसाला घाई न करण्याचे शिक्षण दिले जाते. लसूण सोलणे, शेंगा फोडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे संथ झाली, वाकडी झाली, तरी ती झाली पाहिजेत.

या पद्धतीचे फळ किती, याची परीक्षाही झाली आहे आणि तिचा निकाल प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. नेदरलँड्समधील मॉड ग्राफ व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १३५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. पाच आठवड्यांत दहा गृहभेटी दिल्यावर रुग्णांची दैनंदिन कृती सुधारली आणि घरच्यांचा भार हलका झाला. २००८ मध्ये फिलाडेल्फियात लॉरा गिटलिन यांनी ६० कुटुंबांत प्रत्येकाच्या आवडीनुसार बेतलेल्या कामांचा प्रयोग केला. रुग्णांची बेचैनी कमी झाल्याचे दिसले. परंतु डच पद्धती जर्मनीत नेऊन सात केंद्रांत तपासली, तेव्हा २०११ मध्ये एका भेटीच्या सल्ल्यापेक्षा तिचा अधिक लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्ये ४६८ जोड्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही नेहमीच्या सेवेहून सरस परिणाम आढळला नाही. यावरून उपचार निरर्थक ठरत नाही. ब्रिटनच्या २०१८ च्या अधिकृत मार्गदर्शिकेत सौम्य व मध्यम अवस्थेसाठी त्याचा विचार करण्याची शिफारस आहे. पण एका देशात फळलेली पद्धत दुसऱ्या देशात जशीच्या तशी फळेलच असे नाही, हा धडा मात्र त्यातून मिळतो. माणसाचे दैनंदिन व्यवहार त्याच्या घराशी आणि संस्कृतीशी बांधलेले असतात. त्यांवर आधारलेली विद्या आयात करून भागत नाही.

भारताच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठ वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, एवढे आहे. १९९२ मध्ये केरळात या विकारासंबंधी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९८ मध्ये कोचीन येथील परिषदेत ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट निघाला; जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण त्यांच्याविषयीचे संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी, ही विसंगती त्या नावातच नमूद आहे. आणि २००८ मध्ये गोव्याने एक वाट दाखवली. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांकडे स्थानिक, थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेले कार्यकर्ते सहा महिने जात राहिले. त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते. रुग्णाची नित्यकर्मे कशी सांभाळावीत, त्याच्या चमत्कारिक वागण्याला कसे तोंड द्यावे, हे ते सांगत. या भेटींनी शुश्रूषा करणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचे आढळले. शुश्रूषा करणारी व्यक्ती आपल्या देशात बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते.

औषधांची वाट आजही खुंटलेली नाही. १९९३ पासून काही औषधे उपलब्ध झाली आहेत आणि नव्यांचा शोध चालू आहे. पण गेलेली स्मृती परत आणणारे औषध अद्याप हाती नाही. तोवर आणि त्यानंतरही, रुग्णाचा आजचा दिवस कसा जावा हा प्रश्न उरतोच. यॉर्कच्या बागेपासून गोव्याच्या घरांपर्यंत आलेला हा विचार त्याचे उत्तर मोठ्या शब्दांत देत नाही. तो इतकेच सांगतो की, वृद्धाच्या हातून काम काढून घेण्यापूर्वी ते खरोखरच त्याच्याने होत नाही काय, याची खात्री करून घ्यावी. आणि होत नसेल, तर त्यातला जेवढा अंश होतो तेवढा त्याच्याकडे राहू द्यावा. निवडायच्या तांदळाचे सूप पुढ्यात ठेवले असता थरथरणारी बोटे खडे वेचू लागतात, तेव्हा बुद्धी नाठी झाली की नाही याचा निवाडा म्हणीवर सोपवण्याचे कारण उरत नाही.